पाऊण इंच

शिंप्याने बायकोच्या स्कॅनची सीडी कॉम्प्युटरला लावली आणि स्क्रीनवर टेप धरून पोटातली गाठ मोजली. अडीच इंच भरली. गाठ आटली नाही तर इंजेक्शनांचा उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याने सीडीच्या पाकिटावरच्या नंबरवर सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला आणि टेपने मोजल्याचं सांगितलं. "काका, टेप नको. चित्र लहानमोठं केलं की टेपचा आकडा बदलतो," फोनवरची मुलगी म्हणाली. "वरच्या मापपट्टीवर क्लिक करा, गाठीवर आडवी रेघ ओढा. तेच खरं माप." त्याने रेघ ओढली. एक्केचाळीस मिलिमीटर. मागच्या रिपोर्टात तीस होते. "पोरी, परत सांग," तो तीनदा म्हणाला. आकडा तोच राहिला. फोन ठेवून त्याने चित्र बारीक करत नेलं. चाळीस वर्षांत मापात पाप न केलेल्या माणसाने टेप लावून बायकोला हाक मारली, "अगं, बघ. पाऊण इंचावर आली."