आबांचा उच्चार

लाँचमध्ये पाऊल टाकण्याआधी भिमाजीआबांनी पायताण काढून हातात घेतलं. त्यांचं बघून बायडाबाईंनीही वहाणा काढल्या, लाँचच्या कडेला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

"असू द्या हो बाबा, पायातच असू द्या," कंत्राटदार आप्पासाहेब आतून म्हणाले. "हे काय देऊळ आहे होय?"

कानिफनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कालव्याच्या कामावर तो ओव्हरसियर होता आणि आईवडिलांना जन्मात पहिल्यांदाच कुठे हिंडायला घेऊन आला होता. खर्ड्याहून भंडारदरा म्हणजे जिल्ह्याचं एक टोक सोडून पार दुसरं टोक. बायको मनकर्णा ठेवणीतली साडी नेसली होती. आबांनी तर मुलाच्या लग्नातला फेटा बांधला होता.

लाँच सरकारी होती, डिझेल मात्र आप्पासाहेबांचं. जेवणाचे डबेही त्यांचेच, शिवाय त्यांचे संगमनेरचे दोन मित्र सोबतीला. "साहेब, घरच्यांना एकदा पाण्यावरून फिरवून आणा की," असं ते आठवडाभर कानिफनाथच्या मागे लागले होते. त्याच आठवड्यात कानिफनाथने त्यांनी बांधलेल्या कालव्याच्या भिंतीत सहज किल्ली खुपसून पाहिली होती. सिमेंट बाजरीच्या पिठासारखं भुरभुर गळालं. भिंत सोमवारी पास करायची होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं कुणीच बोललं नव्हतं. सगळं कसं सभ्यपणे चाललं होतं.

लाँच निघाली. किनारा मागे पडला, समोर रतनगड दिसू लागला. बायडाबाईंनी कडेवरून वाकून पाण्यात हात बुडवला आणि बराच वेळ बाहेर काढलाच नाही. खर्ड्यात त्या साली दुष्काळ होता; आडात पोहरा सोडला की तो दगडावर आपटायचा.

"एवढं पानी हितं नुसतं पडून हाय व्हय?" त्या सुनेला म्हणाल्या.

आबांची भीती तोवर मोडली होती. आता त्यांना बोलल्याशिवाय राहवेना. ते आप्पासाहेबांच्या मित्रांकडे वळून बसले. "आमच्या अख्ख्या खर्ड्यात लाचंचं सुख कुनी बगितलं न्हाई. आमीच पयले," ते खुशीत म्हणाले. मग आप्पासाहेबांना हात जोडले. "आप्पासायब, तुमचं लई उपकार. तुमी आमच्या कानिफाला लाच दिली, म्हनून आज आमी हितं."

आप्पासाहेबांनी मित्रांकडे पाहिलं. मग हशाचा असा भडका उडाला की लाँच चालवणाराही मागे वळून हसू लागला.

"अहो बाबा, लाच नव्हे, लाँच! लाँच!" हसण्यापायी एका मित्राला धड बोलवेना. "लाच म्हणजे साहेबलोक खातात ती!"

"ऐकलंत का साहेब?" आप्पासाहेबांनी डोळे पुसत कानिफनाथच्या पाठीवर थाप मारली. "आम्ही म्हणे तुम्हाला लाच दिली!"

कानिफनाथ हसला. सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि बाकीचे थांबल्यावरही थोडा वेळ हसतच राहिला. मनकर्णा हसली नाही. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा करून पाण्याकडे तोंड फिरवलं.

आबा कानापर्यंत लाल झाले. त्यांच्या गावात त्याला पैसं खाल्लं म्हणत, लाच हा शब्द वर्तमानपत्रातला. आपण काय बोलून बसलो हे कळताच त्यांनी अंग चोरून घेतलं. डबे उघडले, पुरी-श्रीखंड वाढलं गेलं, पण भूक नाही म्हणून ते तसेच बसून राहिले. त्यांचे ओठ मात्र हलत होते. कानिफनाथला आधी वाटलं, ते देवाचं नाव घेताहेत. मग नीट पाहिलं तेव्हा कळलं, आबा मनातल्या मनात 'लाँच' म्हणून बघत होते. पुन्हा पुन्हा.

किनाऱ्याला उतरल्यावर ते मुद्दाम आप्पासाहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"लाँच लई बेस हुती, सायब," ते एकेक अक्षर जपून म्हणाले.

"वा! पास झालात, बाबा!" आप्पासाहेबांनी टाळी वाजवली आणि तसेच हसत कानिफनाथकडे वळले. "आता उद्या तुम्ही आम्हाला पास करा, म्हणजे झालं."

कानिफनाथने मान हलवली. काय म्हणून हलवली, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

बायका पुढे गेल्या. चढणीवर आबा थांबले आणि त्यांनी मुलाचा हात धरला.

"कानिफा, राग धरू नगं बाबा. चार मान्सांत तुला खाली बगाया लावलं म्या. अडानी मानूस, जीभ वळत न्हाई."

कानिफनाथला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. हो म्हणावं तर बाप आयुष्यभर स्वतःला दोष देणार. नाही म्हणावं तर पुढचं सांगावं लागणार. इतक्या वर्षांत ऑफिसची भाषा अंगवळणी पडली होती, पण आता तोंडातून गावाकडचीच आली.

"तुमी पयल्यांदा बोलला त्येच बरूबर हुतं, आबा."

आबांना ते समजायला जरा वेळ लागला. त्यांनी खाली उभ्या असलेल्या लाँचकडे पाहिलं. आप्पासाहेब अजून तिथेच होते. त्यांनी वर बघून हात केला. आबांनी उलट हात केला नाही. मुलाचा धरलेला हात त्यांनी हळूच सोडला.

"मंग तू का हासलास?"