दाबाचा काटा

हॅलिफॅक्समधल्या निम्म्या घरांचे गार पडलेले रेडिएटर, खोल्या उबदार ठेवणारे ते गरम पाण्याचे पत्रे, मी सुरू करून दिले. आईचं काम मात्र फोनवरच भागवलं.

नोव्हेंबरात ती म्हणाली, "कीथ, वरच्या खोलीतला रेडिएटर तापत नाही रे."

"आत हवा अडकलीय. किल्लीनं बाजूचा स्क्रू सैल कर, हवा जाऊ दे. ठेवतो, गिऱ्हाईक खोळंबलंय."

जानेवारीत न्यूमोनियानं तिला इस्पितळात नेलं, तेव्हा मी घर उघडलं. सगळेच रेडिएटर गारठलेले. पलंगावर, रजईवरून तिचे दोन्ही कोट पसरलेले. त्यांना गरम पाणी पुरवणाऱ्या बॉयलरवरचा दाबाचा काटा शून्यावर. दर वेळी हवा काढली की पाण्याचा दाब थोडा उतरतो आणि शेवटी बॉयलरच बंद पडतो; म्हणून बॉयलरखालचा नळ सोडून पाणी भरून घ्यायचं असतं. तेवढं सांगण्याआधीच मी फोन ठेवला होता.

शेजारच्या डोरीन मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"रोज सकाळी नेमानं किल्ली फिरवायची बघ. मी म्हटलं, अगं बये, एखाद्या कारागिराला बोलव की! तर माझ्यावरच डाफरली, 'माझ्या कीथनं स्वतः सांगितलंय. त्याच्याहून शहाणा कोण लागून गेलाय?'"