दिव्याच्या खांबाला स्वेटर

खांबाचा स्वेटर काही केल्या निघेना. मागून तो इतका घट्ट शिवला होता की निरीक्षकाची कात्री दोनदा घसरली. बसथांब्यावरची माणसं बसची वाट बघायची सोडून त्याच्याकडेच बघत होती. आता खांबाला थंडी नाही का वाजणार, असं एकाने विचारलंदेखील. निरीक्षकाने दातओठ खाल्ले, चष्मा सावरला आणि तो शिडीची आणखी एक पायरी चढला.

नगरपालिकेच्या रस्ते विभागात त्याने आजवर खड्डे बुजवून घेतले होते, फुटक्या फरशा बदलून घेतल्या होत्या ते वेगळंच. हल्ली मात्र त्याच्या नशिबी लोकर आली होती. आधी कोणीतरी टपालपेटीला टोपी घातली. मग बाकाच्या पायांत मोजे आले, आगीच्या बंबासाठीच्या नळाला मफलर आला आणि आता खांबाला चक्क बाह्यांचा स्वेटर. खांबाला बाह्या कशाला, हे विणणाऱ्यालाच ठाऊक. पोरं फोटो काढत होती, म्हातारी माणसं खूश होती, कोणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडत होतं एकाच बाईचं. कार्यालय उघडल्या उघडल्या तिचा फोन यायचा. नाव सांगायची नाही. आवाज घोगरा, वयस्कर, तोंडाशी बोळा धरून बोलल्यासारखा. रस्त्याची पार शोभा गेली, ताबडतोब काढा, एवढंच म्हणायची. एकदा साहेबांनी सफाईवाल्याला धाडलं, तर तिने पुन्हा फोन करून त्यांचीच खरडपट्टी काढली. हा माणूस ओरबाडतो, त्या चष्मेवाल्याला पाठवा, तो नीट काढतो.

विणणाऱ्यापेक्षा निरीक्षकाचा राग या बाईवर जास्त होता. हिला दुसरा उद्योग नाही का, असं तो रोज बायकोला विचारायचा. मला काय विचारता, तिला विचारा, असं बायको म्हणायची.

आज स्वेटर टेबलावर ठेवला तेव्हा साहेब हसले नाहीत.

"महिनाअखेरपर्यंत माणूस पकडा," ते म्हणाले. "नाहीतर बढतीसाठी तुमचं नाव कोणत्या तोंडाने पाठवू? वरचे लोक आपल्याला हसतात."

बढती एकदा हुकलीच होती. पुन्हा हुकली तर निवृत्त होईपर्यंत आपण खड्ड्यातच, हे त्याला पक्कं माहीत होतं.

जप्त केलेल्या वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी टाचायची, साहेबांना दाखवायची आणि मग तिची विल्हेवाट लावायची, अशी पद्धत होती. विल्हेवाट तो आईकडे लावायचा. पहिली टोपी निघाली ती तिच्या खिडकीखालच्याच टपालपेटीची. तिने वरून हाक मारली, घोटभर पाणी तरी पिऊन जा म्हणाली. वडील गेल्यापासून त्याचं तिकडे जाणं कमी कमी होत गेलं होतं. कामाचं निमित्त असायचं आणि ते खोटंही नसायचं. त्या दिवशी टोपी बघून आई म्हणाली, फेकू नकोस, मला दे. बोटं आखडली आहेत, आता विणणं काही होत नाही, पण डॉक्टर म्हणतात उसवत बसलं तर बरं.

तेव्हापासून तो चिठ्ठी घाईघाईने फाडून सगळं तिच्याकडे नेऊन द्यायचा. ती उसवायची, तो दोन्ही हात पुढे करून लोकर धरायचा आणि कुरकुर करायचा.

"बघ हा रंग," आज तो म्हणाला. "मळकट पिवळा. लहानपणी असलाच स्वेटर माझ्या अंगात कोंबायचीस तू. गावात दुसरी लोकरच मिळत नाही की काय?"

"स्वस्त असेल," आई म्हणाली. "पकडलास तर काय करणार आहेस त्याला?"

"दंड करणार. चार लोकांत मान खाली घालायला लावणार."

"कर. आधी हात सरळ धर, गुंता होतोय."

त्याचा संशय शाळेतल्या शिवणाच्या बाईंवर होता. त्या पिशवी भरभरून लोकर नेताना त्याला दिसल्या होत्या. मोठ्या ऐटीत तो त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला, तर बाईंनी प्लास्टरमधला उजवा हात पुढे केला. जिन्यावरून पडल्या होत्या, कधीच्या. लोकर मुलींसाठी होती. माफी मागताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिना संपत आला. एका सकाळी कार्यालयात जाताना तो बसथांब्यापाशी आला, तर बाकाच्या हाताला पिवळी बाही चढवलेली. अजून कार्यालय उघडलं नव्हतं, म्हणजे त्या बाईचा फोनही यायचा होता. निदान आज तरी तिच्याआधी काम उरकू, म्हणून त्याने बाही खेचली आणि हात झटकन मागे घेतला. बोटाला रक्त आलं होतं.

लोकरीत टाचणी होती. टाचणीत चिठ्ठीचा फाटका कोपरा अडकला होता. त्यावरचा आकडा त्याच्याच अक्षरातला होता.

कार्यालय उघडायची वेळ होईपर्यंत तो बाकावर बसून तो आकडा पुन्हा पुन्हा ताडून बघत होता. मग त्याच्या डोक्यात तिडीक गेली. साहेबांची बोलणी, शिवणाच्या बाईंपुढची फजिती, बढती, सगळं एकदम आठवलं. ज्या हातांनी लोकर गुंडाळायला दिली ते आपलेच हात, याचा तर त्याला जास्तच संताप आला. काय काय बोलायचं ते जुळवत तो आईचा जिना चढला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आई पाठमोरी, फोनपाशी उभी होती. रिसीव्हरवर तिने रुमाल धरला होता.

"बाकाला बाही घातलीय हो," ती घोगऱ्या आवाजात सांगत होती. "रस्त्याची पार शोभा गेली. त्या चष्मेवाल्यालाच पाठवा. आणि जमलं तर जेवायच्या वेळेला पाठवा."