बोळ

दौलतराव फक्कीची पाटी घेऊन स्वतःच्या भिंतीपासून हातभर पुढे सरकले आणि वाकून पांढरी रेघ ओढू लागले. ती रेघ सरळसरळ गावच्या बोळात पडत होती. बोळ तरी केवढा, तिरडी आणि तिला खांदा देणारे चौघे जेमतेम जातील एवढा.

तालुक्यातली गावं एकामागून एक वरून टिपत ड्रोन आज चाकणशेजारच्या या गावात येणार होता. ज्याने त्याने आपापल्या जागेभोवती फक्की मारून ठेवावी, नकाशात तशी जागा नावावर लागेल, असं ग्रामसेवक सांगून गेला होता. बोळ कुणी आखायचा, हे मात्र कुणी विचारलं नाही. दौलतरावांना कंपनीतल्या पोरांसाठी भाड्याच्या आणखी दोन खोल्या काढायच्या होत्या. हातभर जागेने कुणाचं काय बिघडतंय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

समोरच्या ज्योतीरामने ते पाहिलं. तो आत जाऊन आपली पाटी घेऊन आला. मग त्याच्या शेजारचा, मग सगळेच. बघता बघता साऱ्या आळीला हाव सुटली आणि समोरासमोरच्या रेघा मधोमध येऊन एकमेकींना भिडल्या.

दौलतरावांची बायको रुक्मिणीबाई ओट्यावर बाजेवर पडून होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच तो विषय काढत नव्हतं. ड्रोन घोंघावत आला तशी आळी माना वर करून बघू लागली. रुक्मिणीबाई तेवढी खाली बघत होती.

"अवो," ती म्हणाली, "बोळ कुठं गेला?"

"हाय की. ह्यो काय."

"ही तर समद्यांची अंगणं झाली. दुसऱ्याच्या अंगणातनं तिरडी न्हेत न्हाईत आपल्यात. मला कुठनं न्हेणार?"

दौलतराव आपली रेघ चपलेने पुसू लागले. फक्की जाईना, नुसती पसरत गेली. त्यांनी समोर पाहिलं. ज्योतीरामने सगळं ऐकलं होतं. त्याने मान खाली घातली, पण आपल्या रेघेवर ठेवलेला पाय काही काढला नाही.

ड्रोन केव्हाच रेघा टिपून पुढच्या आळीवर गेला होता.