ऑर्गनवरचा आरसा

ऑर्गन वाजवताना बाईंची पाठ लोकांकडे असायची. फादरची खूण दिसावी म्हणून समोर छोटासा आरसा टांगलेला होता. बाईंना त्यात फादर कमी आणि तिसऱ्या बाकावर बसलेली ती जास्त दिसायची.

घरी दोघींचा संसार होता आणि फादरना तो ठाऊक होता. "बाई, तुमच्या हातात देवाचं देणं आहे, वाजवत राहा," ते म्हणायचे. "पण हे पाप सोडल्याशिवाय कम्युनियनचा प्रसाद मिळणार नाही. आणि चर्चमध्ये दोघींनी जवळ बसायचं नाही."

परवा ती गेली. फादरनी लगेच फोन केला. "वाजवायला दुसरं आहे कोण आपल्याकडे? तुम्हीच या. फक्त पुढे घरच्यांत बसू नका. गावाहून तिची म्हातारी आई येतेय, तिला यातलं काही माहीत नाही. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?"

बाई गेल्या. आरशात शवपेटी दिसत होती तोवर त्यांनी हात थांबू दिला नाही.

दफनाच्या वेळी त्या सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. निघताना तिची आई फादरचा हात धरून हळूहळू बाईंपाशी आली. "किती जीव ओतून वाजवलंत हो! माझ्या लेकीला ओळखत होतात का?"

फादरनी बाईंकडे रोखून पाहिलं.



"नाही, आई. आरशात दिसायची, तेवढीच."