गुऱ्हाळातली चूकपेटी

जोतिरामला दोन हात होते, पण ते चालवायला तो भिंतीवरच्या चूकपेटीची परवानगी मागायचा, हीच आक्काताईंची तक्रार होती. थोरला लेक, चाळिशीला आलेला, आणि चुलवाणावर रस करपायला लागला तरी काहील उचलायच्या क्रेनपाशी नुसता उभा. माणूस चुकणार असं दिसलं की पेटी क्रेन अडवायची. रसाची ती उकळती कढई कलंडून कुणी भाजू नये म्हणून ती बसवली होती.

“अरं मेल्या, गूळ करायचाय का कोळसा?” आक्काताई ओरडल्या.

“आये, पेटी सोडंना.”

“का? काय म्हणती तुझी मालकीण?”

जोतिरामनं भिंतीकडे बोट केलं. पेटीच बोलली, “बाई ओरडल्या की चालकाचा हात थरथरतो. बाईंनी बाहेर जावं.”

गडी खाली बघून हसले. स्वतःच्याच गुऱ्हाळातून बाहेर! पण करपट वास वाढला, तशा आक्काताई पाय आपटत निघाल्या आणि चिपाडाच्या ढिगापाशी तोंडाला पदर लावून बसल्या. क्रेन लगेच सुटली. जोतिरामनं थेंब न सांडता काहील गूळ निववायच्या वाफ्यात ओतली.

मग त्या दारात आल्या. “हात झ्याक हाय तुझा,” त्या म्हणाल्या. “पर भ्यायचंच तर त्या रसाला भी. त्यानं कातडी सोलती. माझ्या बोलण्यानं आजवर कुणाची सोलली?”