बावीस मिनिटं

"अनुसूयाजी की आईडी बंद करो, भैया. अभी के अभी," डायरेक्टर दारातूनच म्हणाले.

श्रीकृष्णने कॉलेजच्या सर्व्हरवर अनुसूयामावशींचं नाव शोधलं आणि खातं बंद केलं. पण मेल बाहेरच्या सर्व्हरवर. इथली खात्यांची यादी आणि तिकडची यादी दर अर्ध्या तासाने आपोआप जुळायच्या, तोवर मेल चालूच राहणार. अजून बावीस मिनिटं होती.

वरच्या मजल्यावर मावशी आपल्या मेलचे प्रिंट काढत बसल्या होत्या. झाशीच्या त्या नर्सिंग कॉलेजात मराठी बोलणारी ही दोघंच, म्हणून सकाळी त्याच्यापाशी मन मोकळं करून गेल्या होत्या. मुलींची खोटी हजेरी लावा, असं डायरेक्टरांनी मेलवर कळवलं होतं. एकदा नव्हे, चौतीस वेळा. हजेरीवर सह्या मात्र सगळ्या मावशींच्या, आणि उद्या चौकशी समिती येणार. ते मेल हातात असले तर त्या सुटतील. नाहीतर नोकरी जाईलच, वर पोलीस दारात येतील.

"हो गया?"

"कर रहा हूँ, सर."

श्रीकृष्णने काळी खिडकी उघडली. याद्या ताबडतोब जुळवायच्या तर तिथे एक ओळीची कमांड द्यावी लागते. डायरेक्टरांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं, "बढ़िया" म्हणाले आणि निघून गेले. खाली त्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्याचंही ऐकू आलं.

ओळ अर्धीच टाइप झाली होती. श्रीकृष्ण नुसते हात मांडीवर ठेवून बसला असता तरी चाललं असतं. कुणी विचारलंच तर सर्व्हर हळू चालतोय म्हणायचं. अख्ख्या कॉलेजात त्याला खोटं पाडू शकेल असा माणूस नव्हता. पण तो आज्ञाधारक होता, आणि असली माणसं साहेबाच्या पाठीमागेसुद्धा आज्ञा पाळतात. त्याने उरलेली ओळ पुरी केली, अक्षरं एकदा तपासली आणि एंटर दाबलं.

मिनिटभरात याद्या जुळल्या. पाठोपाठ फोन वाजला.

"श्रीकृष्णा, अरे सहाच प्रिंट निघाले आणि मेल बंद पडला बघ. आत घेतच नाही. माझंच काही चुकलं का रे?"

"नाही मावशी, सर्व्हर की दिक्कत है. अर्ध्या तासात आपोआप सुरू होईल. तुम्ही काही करू नका, नुसत्या बसा."

"बरं, बसते. तू आहेस म्हणून धीर आहे रे बाबा. आणि दोन वाजून गेले, आधी जेवून घे."

श्रीकृष्णने डबा उघडला. भूक लागलीच होती.